पत्ता विचारण्याचे बारा रविवार

प्रत्येक घरात ओट्याखाली पिशव्यांची एक पिशवी असते. ती कुणी मुद्दाम जमवलेली नसते. आज एक कोंबली, उद्या दुसरी कोंबली, आणि एक दिवस ओट्याचं दार लागेनासं होतं. किस्स्यांचंही तसंच. टाकवत नाहीत, आणि एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात.

माझ्या पिशवीतले किस्से सेबुआनो भाषेचे आहेत. "ही काय खायची वस्तू आहे का रे?" असं माझ्या सख्ख्या मामाने विचारलं होतं, त्यामुळे आधीच सांगून टाकतो. फिलिपिन्समध्ये सेबू नावाचं बेट आहे, तिथली ही भाषा. दावाओ शहरातही हीच चालते, आणि दावाओला आपल्याकडची पुष्कळ मुलं डॉक्टर व्हायला जातात. कॉलेजात इंग्रजी. पण पेशंट, जीपवाला, खानावळवाली, सगळे सेबुआनो बोलतात. मीही गेलो होतो. दोन वर्षांनी परत आलो. डॉक्टरकी राहिली ती राहिलीच, भाषा तेवढी राहिली.

मग मी इथे बीए केलं आणि डोक्यात घेतलं, की जाणाऱ्या मुलांना ही भाषा फुकट शिकवायची. वाकोल्याच्या एका विहाराच्या हॉलमध्ये, बारा रविवार, सकाळी दहा ते बारा. विषय एकच: पत्ता विचारणे आणि पत्ता सांगणे. ज्याला अनोळखी माणसाला वाट विचारता येते, त्याला पुढची भाषा आपोआप येते, असं माझं ठाम मत होतं. ठाम मतं तेव्हा माझ्याकडे भरपूर होती! दारावर कागद चिकटवला: "मोबाइलमधला नकाशा बंद. माणसाला विचारा!"

विद्यार्थी आले तीन.

*

पहिला मुलुंडचा संकेत. दुसरी प्रणाली, विहाराच्या मागच्याच गल्लीतली. दोघंही बारावी होऊन दावाओला निघालेले. आणि तिसऱ्या परबकाकी. वय साठ, राहणार दहिसर, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत दोनशे पानी वही.

मला वाटलं, बाई चुकून आल्या. म्हटलं, "काकी, योगाचा वर्ग संध्याकाळी असतो."

"योग जुळून आला म्हणूनच आलेय रे मास्तर," असं म्हणून त्या पहिल्या बाकावर बसल्या.

त्यांची गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली, चहाच्या सुट्टीत, बिस्किट बुडवता बुडवता. मुलगा निलेश बोटीवर इंजिनात काम करतो. सात वर्षांपूर्वी त्याने सेबूकडच्या मुलीशी लग्न केलं आणि तिकडेच घर केलं. काकींचे यजमान आधी गिरणीत, मग एका सोसायटीत वॉचमन. त्यांनी फर्मान काढलं: ह्या घरात त्याचं नाव घ्यायचं नाही. मुलगाही बापासारखाच हट्टी. त्यानेही घरी फोन केला नाही. गेल्या वर्षी यजमान गेले. मग निलेशचा फोन आला, "आई, तू ये. चार-सहा महिने राहा." दिवाळीनंतरचं तिकीट काढायचं ठरलं.

"मग बरंच झालं की," प्रणाली म्हणाली. तिची मावशी काकींची शेजारीण. तिच्याकडूनच काकींना वर्गाचं कळलं होतं.

"बरं कसलं? मी पोचल्यावर आठ दिवसांत तो बोटीवर जाणार. मग घरात मी, सून आणि पाच वर्षांची नात. तिला माझी भाषा नाही, माका तिची नाही. आणि त्या सुनेच्या मनात मी नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे." काकींनी वही उघडली. "तिच्या तोंडाकडे बघत घरात बसायचं नाही मला. माझी मी बाहेर पडणार, माझी मी घरी येणार. तेवढं शिकव."

खरं तर माझ्या सगळ्या ठाम मतांचा जिवंत पुरावा माझ्यासमोर बसला होता. मला दिसलं ते एवढंच, की ह्या बाईंमुळे वर्गाचा वेग कमी होणार.

*

पहिला शब्द आसा. आसा म्हणजे कुठे. फळ्यावर मी देवनागरीत पहिलं वाक्य लिहिलं: "आसा का?" म्हणजे, तू कुठे चाललास?

"संकेत, आसा का?" मी विचारलं.

"सर, मी जन्मापासून असाच आहे!"

प्रणाली हसून हसून बाकावर डोकं ठेवून बसली. तेवढ्यात काकींचा हात वर.

"रे मास्तर, आमच्या मालवणीत 'खंय आसा?' म्हणजे कुठे आहे. आणि 'आसा' म्हणजे आहे. म्हणजे आमचं जे उत्तर, तोच तुमचा प्रश्न!"

आज हे कुणी म्हणालं तर मी त्याला खांद्यावर घेऊन नाचेन. तेव्हा मी घड्याळाकडे बघून म्हणालो, "काकी, मालवणी बाजूला ठेवा. वेळ जातो."

त्यांनी मालवणी बाजूला ठेवली नाही. पण त्यांचं हात वर करणं जरा कमी झालं.

*

फिलिपिन्समध्ये पत्ता सांगताना बोट दाखवत नाहीत, ओठ दाखवतात. कुठे जायचं त्या दिशेला ओठांचा चंबू करायचा, भुवया उडवायच्या. झालं. मी म्हटलं, हे अंगात मुरलं पाहिजे! गृहपाठ दिला: आठवडाभर हाताने दिशा दाखवायची नाही.

प्रणाली म्हणाली, "सर, मी नको ना करू? कसंतरी दिसतं."

"लाजलीस तर भाषा येणार नाही," मी म्हणालो. हे वाक्य मला त्या काळात फार आवडायचं.

पुढच्या रविवारी ती रिपोर्ट घेऊन आली. वाकोल्याच्या स्टँडवर रिक्षावाल्याने विचारलं, "किधर?" हिने प्रामाणिकपणे उजवीकडे ओठांचा चंबू केला. रिक्षावाला दोन्ही हात जोडून म्हणाला, "मॅडम, शादीशुदा हूँ!"

हॉल दणाणला. संकेतने तर पुढे तीन रविवार तिला "मॅडम, शादीशुदा हूँ" हीच हाक मारली.

स्टँडवरच्या बाकीच्या टवाळांनीही तीच हाक मारायला सुरुवात केली, हे तिने सांगितलं नाही. दीड महिना ती पुढच्या चौकापर्यंत चालत जाऊन दुसऱ्या स्टँडवरून रिक्षा पकडत होती. मला कळलं तेव्हा वर्ग संपला होता. म्हटलं, "अगं, सांगायचं ना!"

"तुम्ही म्हणाला असतात, लाजलीस तर भाषा येणार नाही."

*

पाचवा रविवार: गाडी थांबवणे. तिथल्या जीपमध्ये घंटा नसते, कंडक्टर नसतो. उतरायचं असेल तर ड्रायव्हरला ओरडून सांगायचं: "लुगार लांग, नोंग!" म्हणजे, इथेच थांबवा, दादा. हॉलमध्ये ओरडून मजा येईना, म्हणून मी तिघांना आरे कॉलनीतून जाणाऱ्या बसमध्ये बसवलं. दोन्ही बाजूंना झाडी, गर्दी कमी, ओरडायला मोकळीक.

आमचा थांबा आला. संकेत छाती फुगवून ओरडला, "लुगार लांग, नोंग!"

कंडक्टर वळला. "लांब? लांब जायचंय ना? मग बस की खाली!"

"लुगार लांग!" संकेत पुन्हा.

"अरे कळलं रे, लांब जायचंय. सांगतो आला की!"

थांबा मागे गेला. तबेले मागे गेले. पुढचा थांबाही निघाला मागे. शेवटी परबकाकी उठल्या, दांडा धरला, आणि एकच आवाज दिला, "ओ भाऊ, थांबवा हो!" बस जागेवर थांबली.

खाली उतरल्यावर मी वैतागलो. "काकी, आपण कशासाठी आलो होतो? सेबुआनोत बोलायचं ठरलं होतं ना?"

"होय रे मास्तर," त्या पदर सारखा करत म्हणाल्या. "पण बस मराठी आसा."

परत चालत यायला पाऊण तास लागला. काकींचा गुडघा दुखत होता. हे त्या बोलल्या नाहीत, मी विचारलं नाही. मी पुढे चालत होतो.

*

हा किस्सा एकदम छोटा. "दुओल रा" म्हणजे जवळच आहे. मी सांगितलं, तिथल्या माणसाने "दुओल रा" म्हटलं तर विश्वास ठेवू नका. ते आपल्या ब्रोकरच्या "स्टेशनपासून पाच मिनिटं" सारखं असतं.

काकी म्हणाल्या, "आमच्या दहिसरच्या टॉवरवाल्यानेही पाटी लावलीय, पाच मिनिटं. कुणाच्या पायांनी, ते लिहायचं विसरला!"

*

माझा सगळ्यात आवडता सेबुआनो शब्द म्हणजे आंबोत. अर्थ: माहीत नाही. तिथे माणूस खांदे उडवून "आंबोत" म्हणतो आणि मोकळा होतो. मुंबईचा माणूस मरेल, पण पत्ता माहीत नाही असं म्हणणार नाही! हे सिद्ध करायला आम्ही घाटकोपरला गेलो. ठरलं असं, की दहा माणसांना विचारायचं, "आंबोत नगर कुठे आलं?" असं नगर अर्थातच जगात नाही.

पहिला म्हणाला, पुलाखालून सरळ. दुसरा म्हणाला, पुलावरून पलीकडे. एका काकांनी तर बस नंबरही सांगितला. चौथा पानवाला. त्याने चुना लावता लावता मान वर केली आणि शांतपणे विचारलं, "जुनं आंबोत नगर की नवीन?"

संकेत तिथेच फुटपाथवर बसला!

दहाजणांत एकच निघाला. शाळेच्या गेटवरचा वॉचमन. काकींनी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "माहीत नाही बाई. मी इथे नवीन आहे."

"ह्याच्याशी दोन मिनिटं बोलू दे," काकी म्हणाल्या. "आमचे हे पण वॉचमन होते. कधी 'माहीत नाही' म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मुलगा घरात आला असता."

परत येताना प्रणाली माझ्याबरोबर चालत होती. तिने विचारलं, "सर, तुम्ही दोन वर्षांतच का परत आलात? मला जमेल ना तिकडे?"

दिवसभर आंबोत शिकवलेला मी. म्हणालो, "दिरेत्सो! सरळ जायचं. जमतं सगळं."

मी का परत आलो ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. आजही नाही. त्या प्रश्नाचं एकच खरं उत्तर होतं, आणि ते सकाळपासून दहा माणसांना विचारत आम्ही फिरलो होतो. प्रणाली दावाओला सात महिने टिकली. आता इथेच नर्सिंग करते. मला दोष देत नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

*

नववा रविवार. उजवीकडे, डावीकडे. हे खरं तर तिसऱ्या रविवारीच व्हायचं होतं; माझ्या हिशेबाने आम्ही भयंकर मागे होतो. फळ्यावर लिहिलं: तूओ म्हणजे उजवीकडे. वाला म्हणजे डावीकडे.

"मग रिक्षावाला म्हणजे रिक्षा डावीकडे?" संकेत.

"गप रे!"

काकी लिहीत नव्हत्या. फळ्याकडे बघत होत्या. "मास्तर, वाला म्हणजे डावीकडे? नक्की?"

"नक्की."

"दुसरं काही नाही?"

"का हो?"

"हे ड्युटीवर गेले की दुपारी मी चोरून फोन लावायची. पुतण्याकडून नंबर घेतलेला. दर दोन-चार महिन्यांनी एकदा. दर वेळी सूनच उचलायची. मी विचारायची, 'निलेश?' की ती म्हणायची, 'वाला, नाय. वाला, नाय.' बस, एवढंच. मग मी ठेवून द्यायची." त्या हसल्या, पण नीट हसल्या नाहीत. "वाला कळत नव्हतं. पण 'नाय' न कळायला मी काय गोऱ्या साहेबाची मुलगी आहे? सहा वर्षं नाय ऐकलंय मी तिच्या तोंडून. निलेशला विचारावं, तर सुनेची चुगली केल्यासारखं. म्हणून तुला विचारते."

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. अजून कोपरा, चौक, समोर, मागे, सगळं बाकी.

मी म्हणालो, "काकी, घरच्या गोष्टी वर्गानंतर. वाला म्हणजे डावीकडे. वहीत लिहा आणि पुढे चला. असं थांबत राहिलो ना, तर दिवाळीपर्यंत आपण उजवीकडेच वळत बसू!"

मुलं हसली. काकींनी वहीत लिहिलं. वर्गानंतर त्या थांबल्या नाहीत, आणि मीही थांबवलं नाही.

हे माझ्या डोक्यात शिरलं सोमवारी, कपडे वाळत घालताना. हातातला टॉवेल तसाच राहिला.

'वाला'ला दुसरा अर्थ आहे. माझ्याच टिपणवहीत, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "दुसरा अर्थ नवशिक्यांना सांगू नये, गोंधळ होतो." दुसरा अर्थ म्हणजे नाही. इथे नाही. उच्चारात बारीकसा फरक असतो, पण तो पकडायला कान तिथे वर्षभर मुरावा लागतो. आणि नाय? नाय म्हणजे आई! नानाय हा पूर्ण शब्द, नाय ही रोजची हाक.

ती मुलगी म्हणत होती, "निलेश घरी नाही, आई." निलेश बोटीवर असायचा, घरी नसणारच! सहा वर्षं ती ह्या बाईला आई म्हणत होती, आणि ही बाई सहा वर्षं "नाय" ऐकून फोन ठेवत होती. एक वाक्य. मला एक वाक्य सांगायचं होतं फक्त. मी कोपरा आणि चौक शिकवला.

*

ठरवलं, पुढच्या रविवारी आल्या आल्या आधी हेच सांगायचं. दहाव्या रविवारी काकी आल्या नाहीत. अकराव्याला नाहीत. बाराव्याला संकेत आणि प्रणालीला पेढे देऊन मी वर्ग संपवला आणि तडक दहिसर गाठलं.

प्रणालीने पत्ता दिला होता, तरी चुकलो. मोबाइल खिशात होता, पण नकाशा उघडायची लाज वाटली. चेकनाक्याजवळ एका गृहस्थांना चाळीचं नाव सांगून विचारलं. ते म्हणाले, "नदीच्या बाजूने सरळ जा. टॉवर दिसला की समजा चुकलात!"

मी मान वर केली. चारही बाजूंना टॉवर!

अर्ध्या तासाने चाळ सापडली. काकींच्या दाराला कुलूप. शेजारच्या दारातून प्रणालीची मावशी बाहेर आली.

"गेल्या ना त्या. अलीकडचं तिकीट मिळालं. मंगळवारी गेल्या."

"मावशी, वर्गाला का येत नव्हत्या त्या?"

मावशीने मला आपादमस्तक बघितलं. "तुम्हीच का ते मास्तर? म्हणायच्या, पोरगा चांगला आहे, पण त्याला घाई असते. माझ्यापायी मुलांचं शिकायचं राहायला नको. आणि गुडघाही धरला होता त्यांचा. पण वही होती हां हातात! टॅक्सीत बसेपर्यंत आपलं डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे."

मावशीने काकींचा नंबर दिला. मी तिथेच, कुलपासमोर उभं राहून मेसेज लिहायला घेतला. "काकी, वालाचा अजून एक अर्थ आहे." पुसला. "काकी, तुमची सून तुम्हाला." पुसला. सहा वर्षं तुम्ही चुकीचं ऐकत होतात, हे माणसाला मेसेजमध्ये कसं सांगायचं? आणि हे मला तीन आठवडे आधी कळलं होतं, हे कसं लिहायचं?

संकेतला सांगितलं, तर तो म्हणाला, "सर, फोन करा ना सरळ. दिरेत्सो!"

केला नाही. उद्या करू, म्हणत राहिलो. ज्याला एवढी घाई असायची, त्याच्याकडे अचानक वेळच वेळ होता.

*

फोन काकींचाच आला. दीडएक महिन्याने, रविवारी, साडेदहा वाजता. मी घरी कांदे कापत होतो.

"रे मास्तर! वर्ग चालू आहे का? मग ठेवते."

"नाही हो काकी, वर्ग संपला. बोला. कशा आहात?"

"झकास! तुला सांगायला फोन केला. तुझं सेबुआनो एकदम पास झालं!"

मागे कोंबडा आरवत होता. एक लहान मुलगी काहीतरी ओरडून सांगत होती.

"निलेश बोटीवर गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी बाहेर पडले. एकटी! कोपऱ्यावरून पाव आणायचा होता. पाव घेतला, परत फिरले, तर गल्लीतली सगळी गेटं एकसारखी. हिरवी! आपलं कुठलं, कळेना. घराला त्यांच्यात काय म्हणतात, ते तू शिकवायच्या आधीच मी वर्ग सोडलेला. मग म्हटलं, निलेशचंच नाव घ्यावं. ह्या गल्लीत तो एकटाच आपल्याकडचा, सगळे ओळखणार. एक बाई गेटात भांडी घासत होती. तिला विचारलं, 'आसा सी निलेश?' निलेश कुठे? तुझंच वाक्य! ती काय म्हणाली असेल?"

माझ्या हातातली सुरी थांबली.

"म्हणाली, 'वाला, नाय.' मी म्हटलं, बरं. वळले डावीकडे. पुढे एक म्हातारा. 'आसा सी निलेश?' तोही, 'वाला, नाय.' परत डावीकडे. मग सायकलवाला. 'वाला!' डावीकडे. मग शाळेतल्या मुली. 'वाला, वाला!' डावीकडे. काय माणसं आहेत रे ही! घाटकोपरला दहाजणांनी दहा पत्ते सांगितलेले. इथे चौघांनी एकच सांगितला! आणि चौथ्यांदा वळले, तर बघते काय, समोर तीच भांडी घासणारी बाई, आणि तिच्या शेजारच्या गेटात सून उभी! मला शोधायला निघालेली, पायात चप्पल नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, धावत आली. 'नाय! नाय!' करत. मी आधी चपापले, म्हटलं झालं, सुरू झालं हिचं. तर मागून नात आली, आणि सुनेला हात लावून म्हणते, 'नाय!' तेव्हा माझी ट्यूब पेटली. अरे, नाय म्हणजे आई! मघाचे सगळे मला आईच म्हणत होते! तू नाही शिकवलंस ते?"

"नाही, काकी. राहिलं."

"असू दे रे. एवढ्याशा वेळात तू तरी काय काय शिकवणार?" कोंबडा पुन्हा आरवला. मग त्या बोलल्या, तो आवाज मी वर्गात कधी ऐकला नव्हता.

"पण मास्तर, बघ ना. सहा वर्षं मी फोन लावत होते, आणि सहा वर्षं ती बिचारी मला पत्ता सांगत होती. डावीकडे, आई. डावीकडे, आई. आणि मी ठेवून देत होते!"